सायकल सांभाळायची म्हणजे

भाचेबाई, तू पाठवलेला आराखडा वाचला. अॅप आहे, कार्ड दाखवलं की उघडणारं दार आहे, भिंतीवर कोणता रंग द्यायचा तेही ठरलंय. शिवाजीनगरला रेल्वे आणि मेट्रोच्या टप्प्यात एखादी बंदिस्त जागा घ्यायची आणि पैसे घेऊन सायकली सांभाळायच्या, ही कल्पना मला पसंत आहे. पण आपल्या दारात सायकल कोण ठेवील आणि कशापायी ठेवील, हे त्या एवढ्या पानांत कुठेच सापडलं नाही. थिएटरच्या आणि स्टेशनच्या सायकल स्टँडवर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला पहिल्यांदा तेच दिसतं.

आमच्या वेळी हा प्रश्न पडायचा नाही. माणूस थिएटरला सायकलवर यायचा, ती त्याच्या घरातल्या महागड्या वस्तूंपैकी एक असायची, आणि बाहेर लावली तर खेळ सुटेपर्यंत जागेवर राहील याचा भरवसा नसायचा. तो नाणं काढायचाच. आता साधी सायकल माणूस रेलिंगला साखळीने बांधतो आणि निघून जातो, कोणी हटकत नाही. टोकियोत स्टेशनाबाहेर कुठेही सायकल सोडली तर पालिकेची माणसं ती उचलून नेतात आणि सोडवायला पैसे मोजावे लागतात. म्हणून तिथल्या लोकांना विकतच्या स्टँडची सवय आहे. आपल्याकडे उचलतात त्या मोटरसायकली. तेव्हा दंडाच्या धाकाने येणारं गिऱ्हाईक तुला मिळायचं नाही. तुझं गिऱ्हाईक चोरीच्या धाकाने येणार, आणि चार हजारांच्या सायकलवाल्याला तो धाक महिन्याला पाचशे रुपयांचा वाटत नाही.

मग तो पाचशे रुपयांचा कोणाला वाटतो? शनिवार, नारायण, सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारती बघ. लिफ्ट नाही. समोरून कोणी आलं तर एकाने वळणावर थांबावं इतका जिना अरुंद. खाली दुचाक्या एकमेकींना टेकलेल्या. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने साठ-सत्तर हजारांची गिअरची सायकल घेतलेली असते. पहाटे ती खांद्यावर घेऊन उतरतो, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो, पुन्हा खांद्यावर घेऊन चढतो, आणि भिंतीला लागलेल्या चेनच्या डागांवरून आईची बोलणी खातो. हा तुझा पक्का माणूस. तो वर्षाचे पैसे एकदम भरील, फक्त पहाटे साडेचारला दार उघडं हवं. तुझ्या आराखड्यात वेळ सकाळी सात ते रात्री दहा अशी लिहिली आहे. सातला तो परत आलेला असतो गं.

दुसरी माणसं रेल्वेची, आणि त्यांच्यात खरी मेख आहे. काही जण इथे राहतात, सहाच्या सुमाराची सिंहगड एक्सप्रेस धरून मुंबईला जातात आणि रात्री दहाच्या सुमारास परततात. त्यांची सायकल दिवसभर तुझ्याकडे. काही जण तळेगाव, देहूरोड, चिंचवडहून लोकलने शिवाजीनगरला उतरतात आणि पुढे कचेरीपर्यंत रिक्षाला रोज पैसे घालतात. त्यांनी एक सायकल इथेच ठेवली तर ती रात्रभर तुझ्याकडे आणि दिवसा बाहेर. म्हणजे सायकल लावायची एकच खाच दिवसा एकाला आणि रात्री दुसऱ्याला विकता येते. स्टेशनच्या स्टँडवर आम्ही हे न बोलता करायचो. मात्र सकाळी सहा ते साडेआठ-नऊ आणि संध्याकाळी साडेसहा-सात ते रात्री दहा या वेळांत दोघांच्याही सायकली आत असण्याची शक्यता असते, शिवाय लोकल उशिरा आली की सगळा ताळेबंद कोलमडतो. म्हणून दहातली एक खाच कायम रिकामी ठेव. ती विकायचा मोह होईल, विकू नकोस. पासवाला आत आला आणि त्याला जागा मिळाली नाही, तर तो ते वर्षभर विसरत नाही, आणि शिवाजीनगरभर सांगतो.

विद्यार्थ्यांचं एवढंच, की ते जून-जुलैत येतात आणि परीक्षा झाली की मे महिन्यात सायकल टाकून गावी जातात. त्यांच्याकडून अनामत घ्यायचीच. टाकून दिलेल्या सायकलींबद्दल पुढे बोलतो.

आता पैशाचं. एका सायकलला लांबी सहा फूट लागते. हँडल दोन-अडीच फुटांचं, पण एक चाक खाली आणि शेजारचं जरा वर घेतलं की हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि दीड फुटात एक सायकल बसते. मधली वाट सहा फुटांची हवी, नाहीतर सायकल वळत नाही. खांब, गल्ला, दार धरून सायकलमागे सोळा-सतरा चौरस फूट जातात. हजार फुटांत साठ सायकली. समज, भाडं फुटाला पन्नास रुपये. झाले पन्नास हजार. साठ सायकली पाचशेने भरल्या तर तीस. पगार, वीज बाजूलाच राहिली. रस्त्यावरचा गाळा घेऊन हा धंदा होत नाही, हे असं कागदावर आधी दिसू दे.

तू मला नेदरलँड्समधल्या त्या युट्रेक्टच्या तळघराचे फोटो दाखवलेस. साडेबारा हजार सायकली, आणि पहिले चोवीस तास फुकट. ते बघून हुरळू नकोस. तिथे नगरपालिका आणि रेल्वे मिळून खर्च सोसतात. तुझ्यामागे कोण, तर मी आणि तुझे बाबा, आणि बाबांनी अजून होकार दिलेला नाही.

तुला हवी ती दुसऱ्या कशालाही फारशी उपयोगी नसलेली जागा. बोळाच्या आतलं गोदाम, बंद पडलेला छापखाना, दर्शनी भाग नसलेला मागचा हॉल. सायकलवाल्याला काचेची शोकेस नको, दोन मिनिटांच्या अंतरावर दार हवं. छत नऊ फुटांच्या वर असेल तर दुमजली रॅक बसतो आणि साठाच्या शंभर-एकशेदहा होतात. मग भाडं फुटाला पंधरा-वीस असेल तर आकडे जुळायला लागतात, त्यातही एक पाळी घरच्या माणसाने केली तर. वरचा मजला स्वस्त ठेव. उचलून वर चढवायला तरणी माणसं तयार होतात, पन्नाशीच्या बाई होत नाहीत, आणि बॅटरीची सायकल वीस-पंचवीस किलोची असते, ती वर न्यायचीच नाही.

तळघर मिळालं तर भाडं कमी पडेल, पण आधी भिंतींवर ओलीची रेघ कुठपर्यंत आहे ते बघ आणि शेजारच्या चहावाल्याला विचार. मालक सांगणार नाही, चहावाला सांगतो. 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याने आणि जुलै 2024 ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाण्याने काय केलं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं आहे. आणि एखादा बिल्डर 'खालचं पार्किंग तुम्हाला देतो' म्हणाला तर नमस्कार करून निघ. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरने वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे. तिथे वाद सोसायटीशी होणार, आणि सायकली तुझ्या अडकणार.

करार अकरा महिन्यांचा करू नकोस. रॅक जमिनीत बोल्ट मारून बसवलेस आणि बाराव्या महिन्यात मालकाने भाडं दुप्पट केलं तर तू उठून जाणार कुठे? पाच वर्षांचा कर, मधे बाहेर पडायची मुभा तुला हवी, त्याला नको, आणि नोंदणी करून घे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदणी सक्तीची आहे.

रॅक घेताना दुकानदार पहिल्यांदा चाक पकडणारे दाखवील, कारण ते स्वस्त असतात. घेऊ नकोस. सायकल जराशी कलंडली की सगळं वजन रिमवर येतं आणि चाक आउट होतं. डिस्क ब्रेकची चकती तर त्या खाचेत हमखास वाकते. शिवाय हल्ली चार इंची टायरच्या सायकली आल्या आहेत, त्या खाचेत जातच नाहीत. सायकलचा सांगाडा बांधता येईल असा दांडा पाहिजे. आत आली की सुरक्षित, असं समजून लोक कुलूप लावत नाहीत. त्यांना लावायला लाव.

कारण अख्खी सायकल क्वचितच जाते. जातं ते दिवा, पंप, घंटी, सीट, मीटर. नुसती पट्टी फिरवून निघणारं चाक असेल तर चाकसुद्धा. आणि दहा रुपयांची घंटी गेली तरी भांडण सायकल गेल्यासारखंच होतं. पास देताना सायकलचा फोटो काढ, दोन्ही बाजूंनी. पेडलच्या खाली सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, त्यावरची धूळ पुसून तो वहीत लिही. आधीचे ओरखडे, पोचे मालकासमोर नोंदव आणि सही घे. सुटणाऱ्या वस्तू त्याने बरोबर न्याव्यात, नाहीतर फडताळात ठेवाव्यात. आमच्याकडे कोणी टोकन हरवून यायचा तेव्हा आम्ही त्याला आत न सोडता विचारायचो, सांगा, कॅरिअरला काय बांधलंय, मडगार्ड कुठे चेपलंय. खऱ्या मालकाला सायकलची खोड पाठ असते. तुझा ओटीपी चालेल, पण नेटवर्क नसलेल्या दिवशी हेच विचार.

पाट्यांचा शौक आपल्या गावाला आहेच. एक पाटी मात्र लावून निर्धास्त होऊ नकोस, 'सायकल मालकाच्या जबाबदारीवर'. पैसे घेऊन सांभाळायला घेतलेल्या वस्तूची, आपण आपल्या वस्तूची शहाण्या माणसासारखी घेऊ तितकी काळजी घ्यावी लागते. 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 आहे ते, आमच्या वेळीही होतं. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात 1998 मध्ये पाहुण्याने नोकराच्या हाती गाडी दिली, ती चोरीला गेली, आणि चिठ्ठीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं होतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, त्या चिठ्ठीमागे लपता येणार नाही, काय काळजी घेतली ते आधी दाखवा. तेव्हा कॅमेरा दारावर आणि वाटेवर दोन्हीकडे, चित्रीकरण महिनाभर ठेवायचं, आणि कोण कधी आलं-गेलं याची नोंद. उद्या कोणी विचारलं तर हेच दाखवायचं आहे.

विमा काढताना एजंट चोरीची पॉलिसी देईल. ती तुझ्या मालाची असते. 'विश्वासाने ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल' हे शब्द त्यात लिहून आले आहेत का ते स्वतः वाच. आले नसतील तर हप्ता वाया गेला समज. बॅटरीच्या सायकली घेणार असशील तर रात्री कोणी नसताना चार्जिंग अजिबात नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर बादलीने विझत नाही, आणि बंद हॉलमध्ये धुरानेच माणूस जातो.

टाकून दिलेल्या सायकलींबद्दल म्हणालो होतो. नुसतं सांभाळण्याचं भाडं थकलं म्हणून सायकल विकायचा हक्क कायदा आपसूक देत नाही. पासच्या अर्जातच लिहून घ्यावं लागतं, की इतके महिने पैसे आले नाहीत तर फोन करू, मग रजिस्टर पत्र पाठवू, त्यानंतर अमुक दिवसांनी सायकल विकून उरलेली रक्कम परत करू. वकिलाकडून चार ओळी करून घे, त्याचे पैसे वाचवू नकोस. गावचा पत्ता आणि घरच्यांचा नंबर विद्यार्थ्याकडून घ्यायचा. वडिलांना फोन गेला की सायकल दोन दिवसांत हलते.

सरकारी कागद फार नाहीत. मोजकीच माणसं असली तर शॉप अॅक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, आणि उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही. तिथपर्यंत पोचलीस तर पेढे घेऊन ये.

एका कोपऱ्यात पंक्चर आणि सर्व्हिसिंगला माणूस बसव. सायकल दिवसभर इथेच आहे, माणूस कचेरीत आहे, संध्याकाळपर्यंत चेन धुऊन, ब्रेक आवळून तयार. याहून सोयीची वेळ त्याला मिळणार नाही, आणि तुझा खरा नफा बहुतेक इथून येईल. हवा मात्र फुकट. पावसाळ्यात ओल्या सायकली येतात, म्हणून फरशी दाराकडे उतरती हवी आणि दाराशी चिंध्यांचा डबा. गुळगुळीत टाइल्स घालू नकोस, कोणीतरी सायकलसकट पडेल.

माणूस ठेवताना तगडा बघू नकोस, चेहरे लक्षात ठेवणारा बघ. आणि पहिल्याच दिवशी सांग, गिऱ्हाइकाच्या सायकलवर चक्कर मारली तर त्याच दिवशी घरी. महागडी सायकल समोर असली की हात शिवशिवतात, आणि सीटची उंची बदललेली मालकाला बसताक्षणी कळते. पहिले काही महिने पहाटेची पाळी तू स्वतः कर. कोण किती वाजता येतो, कोणाला खालची खाच लागते, कोण घाईत असतो, हे अॅपमध्ये दिसत नाही. खेळ सुटला की आमच्याकडे दोनशे माणसं एकदम दारात यायची. तुझ्याकडे लोकल आली की येतील. घाईची माणसं दाराजवळ, सवडीची आत, असं खाचांचं वाटप तेव्हा आपोआप सुचेल.

उघडायचं ते दिवाळी झाल्यावर. थंडीत पुण्यातला प्रत्येक जण सायकल बाहेर काढतो, एप्रिलपर्यंत तुला माणसं कळतील आणि पहिला पावसाळा अंगावर येण्याआधी गळती कुठे आहे तेही. तोवर गोदामाच्या मालकाशी बोलणी करून घेऊ. मी बरोबर येतो. फक्त त्याच्यासमोर अॅपचं नाव काढू नकोस, ते ऐकलं की भाडं वाढवून सांगेल.