मोबाईलवर मोजकेच कसे पाहावे?



पावसामुळे उद्या शाळेला सुटी आहे का, दहावीचे वेळापत्रक बदलले का, संत्र्याच्या बागेवर फवारणी करावी की पाऊस येणार आहे, या प्रश्नांची उत्तरे आता आपण मोबाईलवर शोधतो. उत्तर तेथे असतेही. परंतु वेळापत्रक पाहायला बसलेला मुलगा अर्ध्या तासाने उठतो तेव्हा त्याने वीस रील पाहिलेल्या असतात आणि वेळापत्रक पाहायचे राहून जाते. मोठ्यांचेही तसेच होते. म्हणून या अंकात आम्ही हा पाठ घेतला आहे. आपल्याला हवी असलेली चार-पाच खाती गर्दीत न शिरता कशी पाहावीत, एवढाच त्याचा विषय.

असे का होते?

इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले तेव्हा आपण ज्यांना फॉलो केले, त्यांचीच छायाचित्रे वेळेच्या क्रमाने दिसत. २०१६ मध्ये हा क्रम बदलला. आता आधी काय दाखवायचे ते संगणकाचे गणित ठरवते. यालाच अल्गोरिदम म्हणतात. आपण कोठे थांबलो, काय पुन्हा पाहिले, कोणाला पाठवले, याची तो नोंद ठेवतो. कंपनीची कमाई जाहिरातींची असते. आपण जितका वेळ पडद्यापुढे बसू तितक्या जाहिराती दाखवता येतात. त्यामुळे आपण न निवडलेला मजकूरही समोर येतो.

एक जवळचे उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते. तिचा एक व्हिडिओ कुतूहलाने शेवटपर्यंत पाहिला की मारामारीचे आणखी व्हिडिओ येऊ लागतात. त्यातले काही जुन्या वर्षांचेही असू शकतात. आपल्याला ते आवडले की आपण घाबरून थांबलो, हे यंत्राला नीट कळत नाही. आपण थांबलो एवढे मात्र त्याला कळते.

कोणती खाती निवडावीत?

घरी वर्तमानपत्र लावताना आपण गावातली सगळी वर्तमानपत्रे लावत नाही. येथेही तसेच करावे. आमच्या मते एका घराला पाच जागा पुरेत.

१. परीक्षेसाठी माध्यमिक शिक्षा मंडळ, भोपाळ.

२. आदेशांसाठी जिल्हा प्रशासन. येथे विशेष लक्ष द्यावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि आपली सौंसर तहसील त्यात आली. ज्यांनी पूर्वी छिंदवाड्याचे खाते फॉलो केले होते, त्यांना आजही तेथील सूचना येत असतील. अतिवृष्टीच्या सुटीचा आदेश प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा निघतो. छिंदवाड्याची सुटी मोहगावची सुटी नव्हे.

३. हवामानासाठी भारतीय हवामान विभागाचे भोपाळ केंद्र. आपल्याला नागपूर जवळ आहे, म्हणून नागपूरचे इशारे फोनवर अधिक येतात. ते प्रामुख्याने विदर्भातील जिल्ह्यांचे असतात. मध्य प्रदेशातील जिल्ह्यांचे इशारे भोपाळहून निघतात.

४. अभ्यासासाठी एक खाते, उदाहरणार्थ एनसीईआरटी किंवा इस्रो. ज्यांची बाग आहे त्यांनी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेकडेही पाहावे.

५. मराठीसाठी एक खाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. मंडी, कचेरी, बस, सगळीकडे हिंदी आहे आणि ती आम्हालाही आपलीच वाटते. आमचे सर्व शिक्षण हिंदीतच झाले. परंतु आपण हिंदीच पाहत राहिलो तर फोन हिंदीच दाखवत राहतो. मराठी तेथे मुद्दाम निवडावी लागते. आकाशवाणीचे मराठी बातमीपत्र किंवा एखादी चांगली मराठी कथावाचनाची वाहिनी आजी-आजोबांसह रोज दहा मिनिटे ऐकली, तरी मुलाच्या कानावर शुद्ध मराठी पडते.

खाते खरे कसे ओळखावे?

नावावर आणि चित्रावर जाऊ नये. निळी खूण पाहूनही निर्धास्त होऊ नये. ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, ती २०२२ पासून पैसे देऊन मिळते आणि इन्स्टाग्राम-फेसबुकवर भारतात २०२३ पासून. सरळ उपाय असा की आधी त्या खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर जावे. त्याच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. तेथे दिलेल्या दुव्यावरूनच खाते उघडावे.

बोर्ड परीक्षांच्या दिवसांत टेलिग्रामवर मंडळाचे नाव लावून पेपर विकणारे बनावट गट निघाले होते. दहावी-बारावीच्या मुलांनी लक्षात ठेवावे की मंडळ कधीही पेपर विकत नाही. अशा गटाला पैसे देणारा पैसेही घालवतो आणि अभ्यासाची रात्रही.

गर्दी कशी टाळावी?

यूट्यूबवर मुख्य पानाऐवजी 'सबस्क्रिप्शन्स' उघडावे. सेटिंगमध्ये पाहण्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकला तर मुख्य पानावरील शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात. इन्स्टाग्रामने २०२२ मध्ये 'फॉलोइंग' हा पर्याय पुन्हा दिला. त्यात निवडलेली खाती वेळेच्या क्रमाने दिसतात. फेसबुकच्या मेनूत 'फीड्स' आहे, त्याचा उपयोगही तसाच. व्हॉट्सॲपचे चॅनेल 'अपडेट्स' या वेगळ्या भागात असते, म्हणून ते घरच्या संदेशांत मिसळत नाही. नव्या आवृत्तीत हे पर्याय थोडे इकडेतिकडे सरकतात, पण शोधल्यास सापडतात.

यानंतर सूचनांची घंटी बंद करावी. फक्त जिल्हा आणि हवामान यांची चालू ठेवावी, कारण त्यांचा निरोप उशिरा कळून चालत नाही. बाकीचे संध्याकाळी एकदाच, पंधरा मिनिटे पाहावे. नवे खाते जोडायचे असेल तर जुने एक काढावे.

पालकांनो, तेरा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर स्वतःचे खाते काढता येत नाही, हा त्या कंपन्यांचाच नियम आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती बंद करायला लावली. लहान मुलांनी ही पाच खाती आई-वडिलांच्या फोनवर, त्यांच्याजवळ बसूनच पाहावीत.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. सर्व घरी स्मार्टफोन नाही, आणि जेथे आहे तेथे तो बरेचदा वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर असतो. म्हणून शाळेची प्रत्येक सूचना आधी फलकावर आणि मुलांच्या वहीत यावी, नंतर फोनवर जावी. फोन नसल्यामुळे एकाही मुलाचा फॉर्म राहता कामा नये.

स्वाध्याय (इयत्ता आठवी ते बारावी)

१. घरच्या फोनवर किती खाती फॉलो केली आहेत ते मोजा. मागील महिन्यात त्यांपैकी किती खात्यांचा खरा उपयोग झाला?

२. आई-वडिलांसोबत बसून पाच खाती निवडा. प्रत्येकापुढे ते का निवडले, हे एका वाक्यात लिहा.

३. आठ दिवस फोन हातात घेण्याआधी 'काय पाहायचे आहे' ते वहीत लिहा आणि ठेवताना 'काय पाहिले' ते लिहा. दोन्ही रकाने जुळतात का ते पाहा.

वही वर्गशिक्षकांना दाखवावी. यासाठी गुण नाहीत. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही, त्यांनी वर्गमित्रासोबत जोडीने हा स्वाध्याय करावा.