श्रीक्षेत्र महाबळेश्वर : उगमाच्या गावी काय पाहावे

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या दहा जणांना विचारले, तर आठ जण पॉइंटांची नावे सांगतात, वेण्णा तलावातील नौकाविहार सांगतात आणि स्ट्रॉबेरीची चव सांगतात. ज्या देवस्थानामुळे या डोंगराला महाबळेश्वर हे नाव मिळाले, ते श्रीक्षेत्र मात्र बाजारपेठेपासून सुमारे सहा किलोमीटर पुढे आहे आणि अनेकांच्या प्रवासात ते जेमतेम अर्ध्या तासाचे धनी होते. वस्तुतः या गावी पाहण्यासारखे जे आहे ते एकाच सूत्राने बांधलेले आहे. ते सूत्र म्हणजे पाणी. ते लक्षात घेऊन हिंडल्यास देवळे, दऱ्या, जंगल आणि शेती यांचा परस्परसंबंध आपोआप उलगडतो.

दोन गावे एकाच नावाने ओळखली जातात, म्हणून प्रथम त्यांतील फरक ध्यानात घ्यावा. क्षेत्र महाबळेश्वर हे प्राचीन तीर्थ होय. आजची बाजारपेठ, बंगले व विश्रामगृहे असलेले शहर त्या मानाने फार अलीकडचे आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना येथील हवा मानवली आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून हा प्रदेश घेऊन त्याच्या बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव देण्यात आले. नव्या वसाहतीला माल्कम पेठ हे नाव पडले. पुढे १८४२ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपतींनी वेण्णा तलाव बांधविला. पर्यटक ज्या तलावात होडी वल्हवतात त्याचा मूळ हेतू गावाला पाणी पुरविणे हा होता, हे किती जणांना ठाऊक असते?

क्षेत्री पोहोचल्यावर भाविकांनी प्रथम पंचगंगा मंदिरात जावे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे प्रवाह येथे एकत्र दिसतात. ते गोमुखातून कुंडात पडतात. यांखेरीज सरस्वती व भागीरथी यांचेही प्रवाह येथे मानले जातात. सरस्वती साठ वर्षांनी एकदा आणि भागीरथी बारा वर्षांनी, गुरू कन्या राशीत असता प्रकटते, अशी श्रद्धा आहे. कोल्हापूरची पंचगंगा ही नदी निराळी आणि हे तीर्थ निराळे. नावाच्या साधर्म्यामुळे पुष्कळांची गफलत होते. कुंडातील पाणी कडक उन्हाळ्यातही अंगावर शहारा आणण्याइतके थंड असते. पायऱ्या शेवाळल्यामुळे निसरड्या होतात, वृद्धांना हात धरूनच उतरवावे.

शेजारीच श्रीमहाबळेश्वराचे मंदिर आहे. येथील लिंग स्वयंभू असून त्याचा आकार रुद्राक्षासारखा खडबडीत आहे. महाबळ व अतिबळ या दैत्यांची कथा या क्षेत्राशी जोडलेली असून अतिबळेश्वराचे मंदिरही जवळच आहे. महाबळेश्वराच्या मंदिरात देवाचा पलंग, त्रिशूळ व डमरू दाखविले जातात. रात्री लावलेले अंथरूण सकाळी विस्कटलेले आढळते, असे येथील परंपरा सांगते. इतिहासाच्या दृष्टीने या स्थानाचे महत्त्व वेगळे आहे. १६६५ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी येथे मातोश्री जिजाबाईंची व वयोवृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला करून दानधर्म केला. जावळीचे खोरे त्यापूर्वी चंद्रराव मोऱ्यांच्या ताब्यात होते. ते १६५६ मध्ये स्वराज्यात आले. या तीर्थावर येऊन महाराजांनी आईची तुला केली, यावरून या स्थानाची तत्कालीन थोरवी कळते.

बहुतेक यात्रेकरू येथूनच परत फिरतात. तसे करू नये. काही मिनिटांच्या पायवाटेवर कृष्णाबाईचे मंदिर आहे. काळ्या पाषाणाचे हे देऊळ दरीच्या काठावर एकाकी उभे असून भिंतींवर शेवाळ चढलेले आहे. गाभाऱ्यात शिवलिंग आहे, समोर कुंड आहे आणि गोमुखातून अखंड धार वाहते. दुकानांचा गलबला येथे पोहोचत नाही. मंदिरासमोर उभे राहिले की खाली कृष्णेचे खोरे उलगडत जाते. याच खोऱ्यातून नदी धोम धरणाकडे व तेथून वाईला जाते. वाईच्या घाटांवर माघापासून फाल्गुनापर्यंत कृष्णाबाईचा उत्सव होतो. ज्यांनी तो पाहिला असेल, त्यांना या शांत देवळापाशी थांबल्यावर उत्सवाचा आरंभबिंदू सापडल्यासारखे वाटेल.

आता पाण्याचा विचार करू. येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये तर एकाच दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. दरडी कोसळल्या आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट बंद पडला. मग मार्गशीर्षातही आणि वैशाखातही गोमुखाची धार कोठून येते? त्याचे उत्तर पायाखाली आहे. सह्याद्रीचा हा माथा मूळचा काळ्या कातळाचा, पण त्याच्या वरच्या थराचे लक्षावधी वर्षांच्या ऊनपावसाने तांबड्या, सच्छिद्र जांभ्यात रूपांतर झाले आहे. जांभा पावसाचे पाणी स्पंजाप्रमाणे शोषून घेतो. खाली चिकणमातीचा आणि टणक कातळाचा थर लागला की पाण्याची वाट अडते, ते आडवे सरकते आणि जेथे डोंगराची कड उघडी पडते तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पूर्वजांनी नेमकी ती जागा हेरून तेथे कुंड बांधले, गोमुख बसविले आणि देव स्थापिला. पाण्याच्या जागेला पावित्र्य देण्यात केवढी दूरदृष्टी होती!

झरा टिकण्यासाठी वरचे जंगल टिकावे लागते. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशा झाडांची येथील राई फार उंच नसते. वाऱ्याने तिचे शेंडे कातरल्यासारखे दिसतात. पण तिच्या पानांमुळे पावसाचा मारा मंदावतो आणि पालापाचोळ्यातून पाणी मुरते. झाडे तोडून सिमेंट पसरले की तेच पाणी रस्त्यावरून धावत दरीत जाते आणि सोबत माती नेते. या कारणानेच केंद्र शासनाने २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. एवढा पाऊस असूनही डोंगरावरील काही वाड्यावस्त्यांतील बायाबापड्यांना चैत्र-वैशाखात हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करावी लागते. नद्यांच्या माहेरी ही स्थिती आहे, हे यात्रेकरूंना सांगितल्यावाचून राहवत नाही.

ज्यांना चालणे झेपते त्यांनी क्षेत्रापासून पुढे आर्थर सीट या कड्यापर्यंत जावे. या जागेचे जुने नाव मढीगड. एका बाजूस सावित्रीचे खोल खोरे आणि दुसऱ्या बाजूस जोर खोरे दिसते. आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याची पत्नी व तान्ही मुलगी सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत होडी बुडून गेल्या आणि तो येथे बसून त्या नदीकडे पाहत असे, असे सांगितले जाते. या माथ्यावर पडलेला थेंब पश्चिमेस घसरला तर सावित्रीतून शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास करून अरबी समुद्राला मिळतो. तोच थेंब हातभर पूर्वेस पडला तर कृष्णेतून सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरी पोहोचतो. वाटेत माहुलीस वेण्णा आणि कऱ्हाडास कोयना पुन्हा कृष्णेला मिळते. एका कुंडात एकत्र दिसलेल्या या बहिणींची भेट तेथे खऱ्या अर्थाने होते.

कोयनेचा विषय निघाला म्हणून तापोळ्याचा उल्लेख करणे उचित. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय येथपर्यंत पसरला आहे. पर्यटक त्याचे निळे पाणी पाहून हरखतात. त्या पाण्याखाली अनेक गावे, त्यांची शेते आणि ग्रामदैवतांची स्थाने गेली. महाराष्ट्राच्या घराघरांत आणि कारखान्यांत वीज यावी म्हणून तेथील कुटुंबांनी आपली जन्मभूमी सोडली. होडीत बसताना हे स्मरणात असावे.

प्रतापगडासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. महाराजांनी स्थापिलेले भवानी मातेचे मंदिर, बुरूज आणि जावळीचे घनदाट खोरे यांविषयी प्रत्येकाने शालेय पुस्तकात वाचलेले असते, म्हणून येथे विस्तार नको. गडाच्या परिसरातील मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून पुढे आले. सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवून मध काढणारी कुटुंबे तेथे आहेत. जांभळाच्या मोहोराचा आणि सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा मध विशेष मानला जातो. माश्यांना फुले हवीत आणि फुलांना जंगल हवे, म्हणजे येथेही मूळ सूत्र तेच. स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची शेते हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी पाहावीत.

देणगीदारांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. जुन्या दगडी देवळांत चकचकीत फरशा बसवून द्याव्यात, अशी इच्छा पुष्कळ भाविक श्रद्धेने व्यक्त करतात. काळ्या पाषाणाच्या सांध्यांतून पाणी पाझरते आणि सुकते, म्हणून ही बांधकामे शतकानुशतके टिकली. वर चढविलेल्या फरशीने ओल आतच कोंडते. त्यापेक्षा एखाद्या वाडीतील झऱ्याची साफसफाई, साठवणटाकी किंवा स्थानिक झाडांची रोपे यांसाठी दिलेली रक्कम नद्यांची अधिक मोठी सेवा ठरेल. कुंडात नाणी, निर्माल्य, साबण व प्लॅस्टिक टाकू नये. येथे टाकलेले पुढे वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर आणि नरसोबावाडीच्या घाटांवर स्नान करणाऱ्यांच्या ओंजळीत जाते.

पावसाळ्यात दाट धुके व दरडींचे भय असते, म्हणून घाटरस्त्यांची चौकशी करूनच निघावे. दऱ्यांचे दर्शन त्या दिवसांत बहुधा घडत नाही. महाशिवरात्रीस गर्दी होते. निवांत दर्शन हवे असल्यास कार्तिक-मार्गशीर्षात, पहाटेच्या सुमारास यावे. सोबत लोकरीचे कपडे असावेत. मागील कन्यागत पर्व २०१६ मध्ये झाले, पुढचे २०२८ मध्ये येत आहे. त्या वेळी येऊ इच्छिणाऱ्यांनी निवासाची व्यवस्था पुष्कळ आधी करून ठेवावी, कारण क्षेत्राचे गाव लहान आहे.