दापोडीची जुनी बाग आणि शाळेचा वाफा

पुण्याजवळचे दापोडी हे गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात मोडते. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८ साली, तेथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग स्थापन झाली. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक होते. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली बाग होती, व तेथे सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी सरकारी दवाखान्यांकरिता लावल्या जात. पुढे १८६५ च्या सुमारास दापोडीची बाग बंद झाली.

तरीही त्या बागेत काय होते हे आज सांगता येते. गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. ती एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपली गेली आणि २००२ साली हेन्री नॉल्टी यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. झाडे गेली, नोंद राहिली. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. पानापानावरील शिरा ज्याने निरखून रेखाटल्या त्याचेच नाव हरवावे, ही उणीव विद्यार्थ्यांच्या नजरेस अवश्य आणावी.

खेड्यातील परसात याच्या उलट घडत असते. झाड उभे असते, परंतु त्याचे नाव व उपयोग जाणणारी म्हातारी माणसे एकेक करून जातात, आणि मागे राहिलेले झाड तण म्हणून उपटले जाते. म्हणून शाळेच्या बागेत तुळस, सब्जा, मरवा, अडुळसा, गवती चहा यांचा एक वाफा असावा. आणि वाफ्याइतकीच त्याची वही महत्त्वाची मानावी.

केवळ नाव लिहून भागत नाही, हे समजावण्यास ब्राह्मीचे उदाहरण उत्तम आहे. आपल्याकडे पुष्कळ घरी जिला ब्राह्मी म्हणतात ती जमिनीवर पसरणारी, वाटोळ्या, दंतुर काठाच्या पानांची वेल. ग्रंथांत तिला मंडूकपर्णी असेही म्हटले आहे. दुसरी ब्राह्मी ओलसर जागी वाढते. तिची पाने लहान, मांसल व लांबट असून फुले फिकट निळसर-पांढरी असतात. नाव एक, वनस्पती दोन! दोन्हींची पाने मुलांच्या हाती देऊन भेद त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. शिक्षकाने आधी सांगू नये. वहीत स्थानिक नाव, दाबून वाळवलेले पान व विद्यार्थ्याने काढलेले चित्र ही तिन्ही एकाच पृष्ठावर असावीत.

दवण्याचा पाठ निराळा आहे. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, परंतु ज्यांनी त्याचे रोप पाहिले आहे अशी मुले वर्गात थोडीच निघतील. ही वर्षायू वनस्पती आहे. हिवाळ्याच्या आरंभी पेरावी. बी फार बारीक असल्याने वाळूत मिसळून टाकावे. माघ-फाल्गुनात ती फुलावर येते, आणि नेमकी तेव्हाच सुगंधासाठी कापली जाते. सारीच कापली तर बी कोठून मिळणार? चार रोपे राखावीत व ती कोणी तोडू नयेत म्हणून दोन विद्यार्थ्यांवर राखणीची जबाबदारी टाकावी.

येथे एक कडक सूचना. वाफ्यातील कोणतेही पान मुलांनी चाखू नये, आणि शिक्षकाने कोणास औषध देऊ नये. धोत्रा व कण्हेर ही विषारी झाडे आहेत. त्यांची ओळख कुंपणापाशी नेऊन, हात न लावता करून द्यावी. वहीतील उपयोग ‘अमुक घरी असे करतात’ एवढ्याच शब्दांत लिहावा.

माहिती मिळवण्यास मुलांनी आपल्या आजीकडे किंवा शेजारच्या वृद्धांकडे जावे. ती जो शब्द उच्चारील तोच लिहावा, पुस्तकी शब्दाने बदलू नये. मावळातला शब्द कोकणात चालेलच असे नाही, आणि चालावा असा आग्रहही नको. सांगणाऱ्याची संमती असल्यास त्याचे नाव, गाव व तारीख पृष्ठाच्या खाली लिहावी.

वही शाळेच्या कपाटात राहावी. शिक्षकाची बदली झाल्यास कार्यभार सोपवण्याच्या यादीत नकाशे व तराजू यांच्याबरोबर तिचाही उल्लेख करून नव्या शिक्षकाची सही घ्यावी.