हवापालट, हातांची ऊब आणि औषधाची गोळी

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचे नाव लष्करी छावणीइतकेच तेथील हवेमुळेही सर्वदूर झाले. मुंबईच्या दमटपणाला कंटाळलेली माणसे हवापालटासाठी येथे येत, आणि त्यांच्यासाठी पारशी, गुजराती अशा निरनिराळ्या समाजांच्या ट्रस्टांनी सॅनेटोरियम, म्हणजे विश्रांतीसाठी राहण्याची आरोग्यभवने, उभारली. कोरडी हवा, वेळेवरचे जेवण आणि सक्तीची विश्रांती यांमुळे क्षयरोग्याला हुशारी वाटे, हे खरे होते. परंतु 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हाती येईपर्यंत क्षयाचे जंतू खात्रीने मारणे कोणत्याही हवेला जमले नव्हते. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील हे अंतर रेकीचा विचार करतानाही सुटता कामा नये.

रेकी ही जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी 1922 मध्ये सुरू केलेली पद्धत असून, तीत उपचारक निजलेल्या व्यक्तीच्या डोक्यावर, खांद्यांवर, पोटावर कपड्यांवरूनच तळहात अलगद ठेवतो आणि त्यांतून वैश्विक प्राणशक्ती वाहते, अशी धारणा आहे. ही पद्धत हवाईत नेणाऱ्या हवायो ताकाता यांनी ‘मास्टर’ होण्यासाठी 10,000 डॉलर शुल्क ठेवले होते. वैश्विक शक्तीच्या मानाने ही रक्कम फारच ऐहिक म्हणावी लागेल. या शक्तीचे अस्तित्व कोणत्याही मापनाने सिद्ध झालेले नाही. रेकीशी मिळत्याजुळत्या ‘थेरप्युटिक टच’ या पद्धतीची परीक्षा अमेरिकेतील एमिली रोझा या शाळकरी मुलीने घेतली: पडद्याआडून आपला हात उपचारकाच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच तिने विचारले, आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 21 उपचारकांची बरोबर उत्तरे 44 टक्केच, म्हणजे नाणेफेकीहूनही कमी, भरली.

तरीही अनेकांना शांत वाटते, आणि ते वाटणे खोटे नसते. शांत खोली, संथ होत गेलेला श्वास, उबदार हात आणि कोणीतरी आपल्याकडे घाई न करता दिलेले लक्ष यांनी ताण हलका होतो. त्यासाठी प्राणशक्ती गृहीत धरावी लागत नाही.

धोका स्पर्शात नसून त्याच्या आधारे घेतल्या जाणाऱ्या निर्णयांत असतो. चांगली झोप लागू लागली म्हणून नैराश्याची गोळी परस्पर बंद केली जाते, त्यानंतर चक्कर, बेचैनी, रडू येणे सुरू होते, आणि या त्रासालाच ‘शुद्धीकरण’ म्हणजे आतली नकारात्मकता बाहेर पडणे असे नाव देऊन आणखी सत्रे सुचवली जातात. येथे त्रास वाढला तरी पद्धत खरी आणि कमी झाला तरी खरी ठरते. असा दावा पारखता येत नाही, म्हणून त्यावर औषध सोडण्याइतका विश्वास टाकू नये.

आरामासाठी जाणाऱ्याने सत्राचे शुल्क आणि स्पर्शाच्या जागा आधीच विचारून घ्याव्यात. नको तेथे हात लागल्यास तत्क्षणी उठून जाण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. कर्करोग, मधुमेह, अपस्मार बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, त्यामुळे अशी हमी देणाऱ्याकडे जाऊच नये. गोळीत बदल करायचा तर तो डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि जगणे नकोसे वाटू लागल्यास सत्राची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र आणि विनामूल्य चालतो.