कॉटेजचे पैसे भरण्याआधी

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात सुट्टीसाठी कॉटेज घेणार असाल, तर बागेचे आणि शेकोटीचे फोटो नंतर पाहा. आधी जिना कसा आहे आणि न्हाणीघर कुठे आहे ते विचारा.

पुण्याहून आई-बाबा आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले होते. ऑगस्टमधल्या शेवटच्या सोमवारी इथे बँक हॉलिडे असतो. तो धरून आम्ही डर्बीशरमधल्या बेकवेलला आठवडाभर दगडी कॉटेज घेतलं. १९५१ साली झालेल्या ब्रिटनमधल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानातलं, पीक डिस्ट्रिक्टमधलं, हे बाजाराचं गाव. वाय नदी, तिच्यावरचा पाच कमानींचा जुना पूल आणि दर सोमवारी बाजार.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सहा जणांची सोय, गावाच्या मध्यापासून पाच मिनिटं.’ ती पाच मिनिटं उतरतानाची निघाली. कॉटेज चर्चच्याही वर होतं आणि परतीच्या चढावर बाबा दर वळणाला थांबत. सहापैकी दोघांची सोय बैठकीतल्या सोफ्यावर. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर खाली स्वयंपाकघराच्या पलीकडे आणि मधला जिना अरुंद, उभा, कठडा नसलेला. आईच्या गुडघ्यांना रात्री तो उतरणं शक्यच नव्हतं. ती आठवडाभर सोफ्यावर झोपली. मालकांना फोन केला, तर उत्तर आलं, “विचारलं असतं, तर सांगितलं असतं.”

म्हणून विचारायचं, आणि तेही लेखी. घराचा नकाशा मागवा. कोणत्या मजल्यावर किती पलंग आहेत, शॉवर टबात चढून घ्यावा लागतो का, दारं आणि तुळया किती खाली आहेत, हे विचारा. दोन-तीनशे वर्षांच्या घरात उंच माणसाचं कपाळ हमखास आपटतं. दार थेट रस्त्यावर उघडत असेल, तर गाडी कुठे लावायची आणि तिथून सामान किती लांब वाहायचं, तेही विचारून घ्या.

गाडी नसेल, तर नकाशावर रेल्वे स्टेशन शोधा. बेकवेलचं स्टेशन १९६७ सालीच बंद झालं. आता रेल्वेने मॅटलॉकला उतरायचं आणि तिथून सुमारे तेरा किलोमीटर बसने जायचं. संध्याकाळच्या आणि रविवारच्या बसच्या वेळा निघण्यापूर्वीच पाहून ठेवा. त्या बंद पडलेल्या लोहमार्गावर आता मॉन्सल ट्रेल ही पायवाट आहे. रेल्वेची वाट असल्याने चढ अगदी सौम्य, २०११पासून जुने बोगदेही चालायला खुले झालेत. बाबा रोज फिरले ते तिथेच.

कॉटेज बहुधा शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला ताब्यात मिळतं. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत असते, घरात माणूस नसतो आणि फ्रिज रिकामा असतो. वाणसामान शनिवारीच भरा. १९९४च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी सलग सहाच तास उघडी राहू शकतात. डाळ, मसाले, पोळीची कणीक घरूनच न्या. कुकर आणि कढईही न्या, कारण तिथे त्या असण्याची शक्यता कमीच. फोडणी देण्याआधी खिडकी उघडा, वरचा पंखा लावा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म बोंबलायला लागतो. वैतागून त्याची बॅटरी मात्र काढू नका. लाकडाची शेगडी असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आहे ना, ते पाहा. गरम पाण्याची टाकी लहान असेल, तर सगळ्यांच्या आंघोळी एका पाठोपाठ होत नाहीत. टाकी तापवायचं बटण कुठे आहे, ते पहिल्याच संध्याकाळी शोधून ठेवा.

पैसे शक्यतो ब्रिटनमधल्या क्रेडिट कार्डाने भरा. १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५नुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत करार मोडला गेला, तर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. मधे एजन्सी असेल, तर पैसे नेमके कुणाच्या नावे जातात ते तपासा, कारण त्यावर हे संरक्षण अडू शकतं. थेट बँक खात्यात पैसे पाठवले, तर हे कलम लागूच होत नाही.

घरात शिरल्या शिरल्या खोल्यांचे फोटो काढा आणि काही बिघडलेलं दिसलं, तर त्याच दिवशी लेखी कळवा. परत आल्यावर केलेल्या तक्रारीला “तेव्हाच का नाही सांगितलंत?” एवढंच उत्तर मिळतं. आणि बरोबर वडीलधारी माणसं असतील, तर घर त्यांच्या पायांच्या हिशेबाने निवडा. देखावा थोडा कमी असला, तरी तळमजल्यावर पलंग आणि न्हाणीघर असलेलं सपाटीवरचं घर घ्या. सुट्टी त्यांचीही असते.