जुनी नाव दुरुस्त करायची की सोडून द्यायची? आधी हे तपासा



रामपायलीला चंदन नदीच्या काठी आंब्याखाली एक लाकडी नाव सहा पावसाळे पडून होती. संस्थेच्या एका जुन्या सभासदाची. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "माह्या बापाची नाव आहे. दुरुस्त होत असंल तर करू, नाही तर तसं सांगा. पण बघितल्याशिवाय सांगू नका."

मग आम्ही चार जण आणि एक मिस्त्री, दोन दिवस तिच्यापाशी बसलो. त्यातून जे शिकलो ते इथे लिहीत आहोत. अशा नावा बऱ्याच घरांपाशी पडून आहेत आणि बहुतेक वेळा निर्णय मायेपोटी होतो, नाही तर रागात. दोन्हीत पैसा जातो, आणि नाव मधल्या धारेत फुटली तर जीवही जातो.

१. फट म्हणजे सड नाही

पहिल्या दिवशी फळ्यांच्या मधून ऊन आरपार दिसत होतं. पोरं म्हणाली, संपली ही. पण लाकूड वाळलं की आकसतं आणि पाण्यात पुन्हा फुगतं. म्हणून वाळलेल्या नावेवर लगेच निकाल देऊ नका. आतून ओली पोती अंथरून चार-पाच दिवस ओलं ठेवा, मग उथळ पाण्यात ठेवून बघा. बऱ्याच फटी आपोआप मिटतात.

इथे एक चूक नेहमी होते. वाळलेल्या नावेच्या फटींत काथ्या आणि डांबर ठासून भरतात. नंतर फळी फुगते, तिला जागा मिळत नाही, आणि खिळे उपटतात किंवा फासळी तडकते. म्हणून आधी भिजवा, मग ज्या फटी उरतील त्याच भरा.

२. टोचा घ्या

सड डोळ्यांना दिसत नाही, वरून डांबर असतं. मोच्याकडे असतो तसा टोचा किंवा जुना पेचकस घ्या आणि हातोडी घ्या. चांगल्या लाकडावर हातोडी टणटण वाजते, सडक्यावर बद्द. टोचा जोर न लावता पाव इंच आत गेला तर ती जागा गेली समजा. तिथे खडूने खूण करा.

कुठे बघायचं? फळ्यांच्या टोकांना, फासळी आणि फळी जिथे टेकतात तिथे, बसायच्या पाटाखाली, आणि जी बाजू जमिनीला लागून होती तिथे. लाकूड सतत ओलसर राहिलं आणि त्याला हवाही मिळाली की बुरशी धरते. पूर्ण कोरडं लाकूड सडत नाही, पूर्ण पाण्याखालचं फार हळू सडतं. कधी ओलं कधी सुकं, हेच सगळ्यात वाईट. समुद्राच्या नावांना लाकूड पोखरणारा किडा लागतो. तो गोड्या पाण्यात नसतो. पण आपल्याकडे काठावर उधई आहे, ती विसरू नका.

काकाजींची नाव सुलटी पडली होती. आत आंब्याचा पाला आणि पावसाचं पाणी साचलं. तळाच्या नऊ फळ्यांपैकी सहा गेल्या होत्या. बाजूच्या फळ्या सागाच्या होत्या. त्यांच्यात टोचा शिरला नाही.

३. खिळ्यांभोवतीचं लाकूड

खिळा गंजला की त्याच्याभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ होतं. फळी चांगली दिसते, पण ती कशालाच धरून नसते. चार-पाच ठिकाणचे खिळे उपटून बघा. हाताने निघाले तर सगळेच खिळे बदलायचा खर्च धरा. नवे खिळे जुन्या भोकांत मारू नका, शेजारी चांगल्या लाकडात मारा.

४. दोरी ताणा

पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणा. दोरीपासून दोन्ही काठांचं अंतर तीन-चार जागी मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर आकार शाबूत आहे. नाव पिळली असेल किंवा तिची पाठ मोडली असेल, तर फळ्या बदलूनही ती सरळ चालणार नाही. अशी नाव सोडून द्यावी. काकाजींची नाव मात्र सरळ निघाली.

५. वर्षाचा हिशोब करा

दुरुस्ती नव्या नावेपेक्षा स्वस्त दिसतेच. पण ती किती वर्षं चालेल, हे विचारा. समजा दुरुस्तीला १८,००० रुपये लागले आणि नाव ३ वर्षं चालली, तर वर्षाला ६,००० पडले. नवी ४०,००० ची आणि १० वर्षं चालली, तर वर्षाला ४,०००. लाकूड, खिळे, डांबर, मिस्त्रीची रोजी हे सगळं लिहा आणि वर चौथाई जास्त धरा. फळी उघडल्यावर आत आणखी सड निघतेच. लाकूड पावतीचंच घ्या.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छिमारांना जुन्या नावेच्या बदल्यात नाव आणि जाळ्यांसाठी मदतीची तरतूद होती. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. सध्या काय चालू आहे ते मत्स्य विभागात आधी विचारा, खर्च नंतर करा.

दोन जहाजांची गोष्ट

मोठ्यांनाही हाच प्रश्न पडतो. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागाचं एक शिडाचं लढाऊ जहाज बांधलं, 'त्रिंकोमाली'. पुढे ते इंग्लंडमध्ये पोरांना दर्यावर्दी शिकवायला वापरलं गेलं. त्याच कामासाठी पोर्ट्समथला 'इम्प्लॅकेबल' नावाचं आणखी जुनं, ओक लाकडाचं जहाज होतं. महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणालाच पेलला नाही. २ डिसेंबर १९४९ ला त्याला समुद्रात नेऊन बुडवलं. 'त्रिंकोमाली' १९८६ पर्यंत कामात राहिलं, मग हार्टलपूलला १९९० ते २००१ अशी त्याची दुरुस्ती झाली. आजही ते पाण्यावर आहे.

सागात तेल असतं, तो लवकर सडत नाही आणि लोखंडालाही ओकासारखा खात नाही. हे एक कारण. दुसरं असं की ते जहाज कोणाच्या तरी रोजच्या कामात होतं, त्याला विचारणारं कोणी होतं.

जे आधी विचारायला हवं होतं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, तळ नवा टाकला तर ही नाव उभी राहते. आम्ही खूश. तेव्हा काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चालवणार कोण? दोन्ही पोरं नागपूरला. ही नाव दोघांशिवाय हलत नाही."

कोणी काही बोललं नाही. हा पहिला प्रश्न होता आणि आम्ही तो विचारलाच नव्हता. नाव कोण चालवणार, कोणत्या पाण्यात, वर्षातले किती महिने, हे आधी. टोचा आणि हातोडी त्यानंतर.

काकाजी रात्रभर विचार करून सकाळी संस्थेत आले. म्हणाले, "मोडा. पण साग बाहेर देऊ नका." बाजूच्या सागाच्या फळ्यांतून मिस्त्रींनी एकट्याला झेपेल अशी लहान नाव केली. तळाला नवं लाकूड लागलं, बाकी सगळं जुनं. १६ जून ते १५ ऑगस्टच्या मासेमारी बंदीत ती शेडमध्ये ठेवली आणि बंदी उठल्यावर पाण्यात घातली. जुन्या नावेच्या पुढच्या टोकाचा तुकडा काकाजींनी घरी नेला. दाराजवळ ठेवला आहे, त्यावर बसून ते जाळं विणतात.

लक्षात ठेवा

ज्यांची नाव पडून आहे त्यांनी आज एवढं तरी करा. पाला आणि पाणी काढा, नाव उलटी करा, खाली चार विटा किंवा ओंडके द्या म्हणजे हवा खेळेल, आणि वरून झाकताना बाजू मोकळ्या ठेवा. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. निर्णय वर्षभरानंतर घेतला तरी चालेल, लाकूड तोवर टिकलं पाहिजे.

नाव तपासायची असेल तर संस्थेच्या बैठकीत सांगा. टोचा, हातोडी आणि दोरी घेऊन आम्ही येतो. पहिला प्रश्न मात्र यावेळी आम्ही आधी विचारू.