टोर्नेडोवर संशोधन: आधी फिजिक्स, मग वादळ

'मला टोर्नेडोवर संशोधन करायचंय,' असं मुलगी म्हणाली की आईवडिलांना वादळामागे धावणाऱ्या गाड्याच दिसतात. तो पाठलाग अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात वसंतातले काही आठवडेच चालतो. उरलेलं वर्ष रडारच्या नोंदी, समीकरणं आणि प्रोग्रॅमिंग यांत जातं.

प्रश्न मात्र विलक्षण आहे. सुपरसेल म्हणजे आतली चढती हवा गरगर फिरत असते असा गडगडाटी ढग. रडारवर दोन सुपरसेल सारखेच दिसतात. एकाखाली टोर्नेडो उतरतो, दुसरा गारा पाडून निघून जातो. असं का? पावसासोबत खाली येणारी हवा फार थंड असेल तर ती जड होते, पुन्हा वर ओढली जात नाही, आणि जमिनीलगतचा भोवरा ताणला जाऊन वेगवान होत नाही, असा एक भक्कम अंदाज आहे. पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. 2009-10 च्या व्हॉर्टेक्स-2 मोहिमेत फिरती रडारं घेऊन शास्त्रज्ञ याच शोधात होते.

धोक्याची भीती अनाठायी नाही. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमात एल रेनोजवळ सुमारे 4.2 किलोमीटर रुंद टोर्नेडोनं अनुभवी संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा आणि सहकारी यांचा बळी घेतला. पण संगणकावर वादळ उभं करणारे संशोधक मैदानात न जाताही मोलाचं काम करतात.

बारावीला गणित-भौतिकशास्त्र हवंच. पुढे बीएस्सी फिजिक्स किंवा इंजिनिअरिंग. टोर्नेडोची तीव्रता मोजण्याची श्रेणी 1971 मध्ये देणारे तेत्सुया फुजिता मूळचे मेकॅनिकल इंजिनिअरच होते. वातावरणशास्त्राची एमएस्सी पुणे विद्यापीठात करता येते. पीएचडीसाठी नॉर्मनचं ओक्लाहोमा विद्यापीठ या विषयाला सर्वांत जवळचं, कारण राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळा त्याच आवारात आहे. अमेरिकेत पीएचडीला बहुधा फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं. एमएसला तशी खात्री नसते. त्यामुळे कर्जाआधी विभागाला लेखी विचारा.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी: तिथल्या सरकारी हवामान सेवेत नोकरीला सहसा अमेरिकी नागरिकत्व लागतं. विद्यापीठं, खासगी हवामान कंपन्या आणि आपत्तीचा हिशोब मांडणाऱ्या विमा कंपन्या हे पर्याय उरतात. परतायचं ठरलं तर रडारचं हेच कौशल्य पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) विजा आणि गडगडाटी वादळांच्या अभ्यासात उपयोगी पडतं.

मुलीला आत्ताच पायथन शिकू द्या. वळवाच्या दिवसांत हवामान खात्याच्या संकेतस्थळावर डॉप्लर रडारची चित्रं रोज बघायला सांगा. महिन्याभरानंतरही ती स्वतःहून बघत असेल, तर एमएस्सीची चौकशी सुरू करायला हरकत नाही.